पंचवीस वर्षं उन्हात राबणाऱ्या बाईला ऊन कसं लागलं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावकडचे. घरचं वावर पाहता आणि गावातल्या बारा-पंधरा बायांचं काम जमवता, म्हणजे मुकादमीही करता. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून झाली, आता धसकटं वेचणं सुरू आहे. मागच्या आठवड्यात एका काकूंना साडेअकराच्या सुमाराला भोवळ आली, उलटी झाली आणि थोडा वेळ त्या भलतंसलतं बोलत होत्या. तुम्ही त्यांना धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली निजवलं, कांदा हुंगवला, तळपायाला चोळला, पाणी पाजलं. तासाभरात बरं वाटलं म्हणून त्या घरी गेल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे नागपूरला राहून त्या नुकत्याच परतल्या होत्या आणि कामावरचा तो दुसराच दिवस होता. तुम्ही लिहिता, "पंचवीस वर्सं झाले त्या उन्हात काम करून रायल्या, मंग त्याईलेच कसं लागलं? नव्या पोरीयले तं काही झालं नाही." त्यापुढे तीन प्रश्न आहेत: सगळ्यांना सनस्क्रीन आणून देऊ का, पदरात कांदा बांधायला सांगू का आणि काम किती वाजता बंद करू.

मी याच भागात डॉक्टर आहे. आधी सरकारी ग्रामीण रुग्णालयात होते, आता तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. एप्रिल-मेमध्ये असे रुग्ण आमच्याकडे दरवर्षी येतात आणि आणणारे जवळपास हेच विचारतात: मजुराने अंगाला काय लावावं, डोक्याला काय बांधावं, काय प्यावं. या तिन्हीची उत्तरं आहेत, ती पुढे देते. पण कोणाला ऊन लागणार आणि कोणाला नाही, हे बरंचसं काम कसं लावलंय यावर ठरतं. किती वाजता सुरू केलं, मध्ये कितीदा बसवलं, नव्या माणसाला पहिल्या दिवशी किती ओढायला लावलं, मजुरी रोजाने दिली की गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने. हे सगळं मजुराच्या हातात नसतं. ते मुकादमाच्या आणि वावराच्या मालकाच्या हातात असतं, म्हणून तुम्ही स्वतःहून विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

काकूंचं आधी बोलते, कारण ते घाईचं आहे. नुसती भोवळ आणि उलटी असती तर मी एवढी काळजी केली नसती. भलतंसलतं बोलणं म्हणजे उष्णता मेंदूपर्यंत पोचली होती. तासाभरात शुद्धीवर येऊन माणूस चालू-बोलू लागला तरी मूत्रपिंडावर आणि यकृतावर झालेला परिणाम एक-दोन दिवसांनी दिसू शकतो. त्यांना अजून दाखवलं नसेल तर उद्याच सरकारी दवाखान्यात न्या, लघवी आणि रक्त तपासून घ्या. लघवी कमी होत असेल किंवा तिचा रंग काळ्या चहासारखा असेल तर उद्याचीही वाट पाहू नका, आजच न्या. निदान आठवडाभर उन्हातलं काम नाही. त्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटलं तर सकाळचे दोन-तीन तास, आणि तिथून हळूहळू पुढे. एकदा असं झालेल्या माणसाला काही दिवस परत होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आता त्यांनाच का लागलं? आपल्याकडे समज असा की उन्हाची सवय एकदा झाली की जन्माची झाली. तसं नसतं. उन्हात रोज काम करायला लागलं की आठ ते चौदा दिवसांत शरीरात खरेखुरे बदल होतात. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त सुटतो, घामातून मीठ कमी जातं, तेवढ्याच कामाला हृदय कमी धडधडतं. पण सावलीत राहायला लागलं की आठवड्याभरात ही सवय उतरू लागते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक निघून जाते. काकू तीन आठवडे कूलरच्या घरात होत्या. शरीराच्या हिशोबाने त्या वावरात नव्यानेच आल्या होत्या. हात मात्र पंचवीस वर्षांचे सराईत. त्यांना कामाचा वेग माहीत होता आणि तो त्यांनी पहिल्या दिवसापासून धरला. नव्या पोरी हळू चालत होत्या, थांबत होत्या, पाणी पीत होत्या, म्हणून त्या निभावल्या.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत कामगार सुरक्षेचं सरकारी खातं आहे, त्याच्या सांगण्यानुसार उष्णतेने दगावलेल्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी गेलेले असतात आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणून तिकडे नियम सांगतात तो असा. अगदी नवा माणूस असेल तर पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्के, मग रोज २० टक्के वाढवत जायचं. आधी तेच काम केलेला पण मध्ये खंड पडलेला माणूस असेल तर पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. तुमच्या वावरात हे टक्के मोजायला कोणी बसणार नाही, मला माहीत आहे. त्याचं साधं रूप असं: जो आठवड्याहून जास्त कामावर नव्हता, मग तो आजारी होता, लग्नाला गेला होता, बाळंतपणाला गेला होता, काहीही असो, त्याला पहिले दोन दिवस नऊ-साडेनऊला घरी पाठवायचं आणि रोजी मात्र पूर्ण द्यायची. रोजी कापली तर कोणीही जाणार नाही. वर्षभरात अशा अर्ध्या दिवसांचे किती पैसे होतील याचा एकदा हिशोब करून बघा. मोठा आकडा निघत नाही.

आता उष्णता अंगात येते कुठून, हे जरा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सूर्याची उष्णता एक. तापलेल्या जमिनीची दुसरी. आपल्या काळ्या मातीचा पृष्ठभाग मेमधल्या दुपारी ६० अंशांच्याही वर जातो आणि वाकून वेचणाऱ्या बाईचा चेहरा त्यापासून हात-दोन हातांवर असतो. आणि तिसरी, जी कोणी मोजत नाही, ती अंगातली. काम करताना स्नायू जी शक्ती वापरतात तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णतेतच जातो. म्हणून त्याच उन्हात शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला काही होत नाही आणि खणती खणणारा जवान पोरगा कोसळतो. हवा शरीरापेक्षा गरम झाली की ही उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. तोही नुसता गळून उपयोग नाही, वाळला पाहिजे. माठ पाझरतो आणि ते पाणी हवेत उडतं म्हणून माठातलं पाणी गार होतं, तेच आपल्या कातडीचं.

बातम्यांत येणारं तापमानही सावलीतलं असतं. हवामान खातं ते जमिनीपासून चारेक फुटांवरच्या, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत मोजतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदवले गेले, तेसुद्धा पेटीतले. वावरात उघड्यावर अंगाला बसणारी झळ त्याहून बरीच जास्त. त्यामुळे "आज फक्त ४२ आहे" असं म्हणून दुपारभर काम लावणं बरोबर नाही.

काम किती वाजता बंद करायचं, याचं एकच उत्तर सगळ्या गावांना लागू पडत नाही. तरी माझं मत सांगते. एप्रिलच्या मध्यापासून नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत जड काम सकाळी साडेपाच-सहाला सुरू करून साडेदहाला थांबवावं, फार तर अकराला. राहिलेलं संध्याकाळी पाचनंतर. इथे एक गोष्ट नीट ओळखायला हवी. सूर्य डोक्यावर येतो आपल्याकडे सव्वाबाराच्या आसपास. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर तो नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायातच पडते. कातडी भाजणारे किरण तेव्हा सगळ्यात तीव्र असतात. हवा मात्र सगळ्यात जास्त तापते अडीच ते चारच्या दरम्यान. उन्हं कलली, आता तेवढं लागत नाही, असं वाटून तीन-साडेतीनला बाया परत वावरात उतरतात तेव्हा त्या दिवसातल्या सगळ्यात तापलेल्या हवेत उतरत असतात. म्हणून संध्याकाळचा पाळा पाचच्या आधी नको.

चंद्रपूरकडचे वाचक म्हणतील, बाई, पहाटे निघा सांगणं सोपं आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला अंधारात जंगलात शिरणं म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणं, आणि अशी माणसं गेलेलीही आहेत. त्यांना मी पहाटे चारला जा असं कधीच सांगत नाही. चांगलं उजाडल्यावर गटाने जा, दहापर्यंत जेवढं होईल तेवढी पानं तोडून गावात या आणि पुडे बांधायचं काम घरच्या सावलीत करा. तोडायचे तास कमी मिळतात, पानं कमी येतात, हे मला मान्य आहे. उन्हाच्या भरपाईसाठी वाघाचा धोका घेऊ नये आणि वाघाच्या भीतीने भर दुपारी जंगलात राहू नये, यातून एवढीच वाट निघते.

तुमच्याकडे ती अडचण नाही, पण गुत्त्याची आहे. तुम्ही लिहिलंय की एकराचा ठेका ठरतो आणि बाया तो लवकर संपवून दुसऱ्या वावरात जातात. गुत्त्यावरची बाई पाण्यालासुद्धा उठत नाही. शेजारणीची ओळ पुढे जाते ना. पावसाळ्यात, हिवाळ्यात गुत्ता ठेवा, त्याला माझी ना नाही. हे दीड-दोन महिने मात्र रोजीने काम घ्या. तेही जमणार नसेल तर एवढं तरी करा: विश्रांती सगळ्यांनी एकदमच घ्यायची. तुम्ही हाक मारली की सगळ्याच्या सगळ्या सावलीत. सकाळी आठपर्यंत तासातून एकदा पाच-सात मिनिटं, त्यानंतर तासातून दोनदा दहा-दहा मिनिटं. "ज्याला बरं वाटत नाही त्याने बसावं" असं सांगून काही होत नाही. पहिली कोणीच बसत नाही. बसली तर बाकीच्या बोलतात, तीही लाजते आणि तशीच रेटत राहते. काकूही तशाच रेटत राहिल्या असणार.

सावली म्हणजे बाभळीची विरळ सावली नव्हे. कडुनिंब, मोह, आंबा जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर वावराच्या मध्यात चार बल्ल्या रोवून मांडव घाला आणि वर तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या), पळसाच्या फांद्या किंवा गवत टाका. नुसती ताडपत्री टाकली तर ती तापते आणि खाली झळ मारते. ताडपत्रीच टाकायची असेल तर तिच्यावर गवताचा थर द्या. पश्चिमेकडची बाजू एखाद्या तट्ट्याने झाका, कारण दुपारनंतर ऊन तिकडूनच आत शिरतं. पाण्याचे माठ याच मांडवात. पाणी धुऱ्यावर दूर असलं की पिणं कमी होतं, हे मी अनेक वावरांत पाहिलंय.

पाणी किती? दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागो न लागो. एकदम तांब्याभर घशात ओतण्यापेक्षा हे बरं, आणि तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. नुसतं पाणीच पाणी पिऊन पोटात काही घातलं नाही तर रक्तातलं मीठ घसरतं आणि त्यानेही चक्कर येते. म्हणून सकाळी निघताना भाकरी खाऊनच निघायचं. सोबत चटणी, लोणचं, ताक, आंबील, कैरीचं पन्हं, अंबाडीचं सरबत, यातलं घरात जे असेल ते. पोटऱ्यांत गोळे यायला लागले तर ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायचं मीठ-साखरेचं तयार पाकीट. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून देतात ते चुकीचं आहे, आणि कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. दुकानात मिळणारी रंगीत गोड पेयं याच्या जागी चालत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण पुरुष मुकादमाला ती कोणी सांगत नाही. बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत. उघड्या वावरात लघवीला जायला आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून कोरड्या राहतात. तुम्ही माठ भरून ठेवा नाहीतर बर्फ आणा, आडोसा नसेल तर त्या घोटभरच पितील. मांडवापासून थोडं दूर तुराट्यांचा नाहीतर जुन्या लुगड्याचा आडोसा करून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि माझ्या मते या सगळ्या उत्तरातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. लघवी फिकट पिवळी असली तर पाणी पुरतंय. गडद झाली तर कमी पडतंय, हे बायांना तुमच्या घरातल्या बाईकडून सांगवा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) तोंडात असला की माणूस तासन्‌तास पाण्याला तोंड लावत नाही, तेही पाहा. रात्री मोहाची दारू घेतलेला माणूस सकाळी आधीच सुकलेला असतो, त्याला त्या दिवशी उन्हात लावू नका.

अंगावर काय घालावं, तर आपल्या बायांनी शोधलेलं उत्तर पुष्कळ चांगलं आहे. लुगड्यावरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि डोक्याला दुपट्टा. शर्ट ढिला आणि फिक्या रंगाचा हवा, म्हणजे आतून हवा खेळेल. नायलॉनची साडी घामाने अंगाला चिकटते, घाम वाळू देत नाही. दुपट्टा गरम वाऱ्यापासून वाचवतो, पण कान-मान-तोंड गच्च आवळून बांधू नका. दर विश्रांतीला तो ओला करून पिळा आणि परत घ्या. आपल्याकडची कोरडी हवा ते पाणी पटकन उडवते, त्याने खरंच गार वाटतं आणि खरंच गार होतं. पायात चप्पल-बूट काहीतरी हवंच.

सनस्क्रीनवर पैसे घालवू नका. ते कातडी भाजण्यापासून वाचवतं, अंगात साठणारी उष्णता कमी करत नाही. घाम येणाऱ्याला ते दर दोन तासांनी लावावं लागतं आणि बारा-पंधरा जणींना ते परवडणार नाही. ज्यांच्या अंगावर कोडाचे डाग आहेत, जन्मतः कातडी आणि केस पांढरे आहेत किंवा उन्हाने चेहऱ्यावर पुरळ उठतं, त्यांनी ते वापरावं, डॉक्टरांना विचारून. बाकीच्यांना बाह्या आणि रुंद काठाची टोपी किंवा दुपट्टा पुरे. डोळ्यांचं मात्र लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं उन्हात आणि धुळीत राबणाऱ्यांच्या बुबुळावर मांस वाढतं, मोतीबिंदूही लवकर येतो. टोपीचा काठ डोळ्यांवर सावली धरतो, तेवढा तरी असू द्या.

आणि कांदा. भाकरीसोबत खा, चांगलाच आहे. पदरात बांधला तर तो ऊन ओढून घेत नाही. कोणाची श्रद्धा असेल तर मी वाद घालत नाही, ठेवू द्या. पण कांदा बांधलाय म्हणून बारापर्यंत काम चालवलं, किंवा माणूस कोसळल्यावर पाणी ओतायचं सोडून तळपायाला कांदा चोळत बसलं, तर तिथे जीव जातो.

काही जणांना या दिवसांत वेगळं सांभाळावं लागतं. मागच्या दोन-तीन दिवसांत ताप किंवा हगवण झालेला माणूस कामावर नको. गरोदर बाई, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे, यांना ऊन लवकर लागतं. त्यांनी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, उन्हाळा लागताना डॉक्टरांना भेटून विचारायचं. आपल्या विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, रुग्ण पुष्कळ आहेत. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांची दुखणी उसळतात, म्हणून तुमच्या टोळीत कोणाला सिकलसेल आहे का हे माहीत करून घ्या. आणि संध्याकाळी मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी! दिवसभर सुकलेल्या शरीरावर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज पडल्या तर मूत्रपिंड खराब होतं. अंग दुखतंय तर आधी पाणी, जेवण, झोप. गोळीशिवाय भागत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

एवढं करूनही कोणी कोसळलं तर काय करायचं, ते आजच ठरवून ठेवा. बायांच्या जोड्या लावा, कारण ऊन लागणाऱ्या माणसाला स्वतःला ते कळत नाही, शेजारणीला आधी कळतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय, पण नाव-गाव-वार विचारला तर नीट उत्तर देते, अशा बाईला सावलीत निजवा, पाय थोडे वर, शर्ट काढा, ओल्या कपड्याने पुसा, घोट-घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना.

उत्तर भलतंच आलं, झोकांड्या जातात, झटका आला, शुद्ध हरपली, तर हा उष्माघात. अंगाला घाम असला तरीही. कष्टाचं काम करणाऱ्यांत पुष्कळदा घाम चालूच असतो, त्यावर जाऊ नका. एकाने रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी पाणी ओतायला लागायचं. गाडी येईपर्यंत वाट पाहायची नाही, आणि गाडीत घालून पळवायची घाई करण्याआधी अंग गार करायचं. पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. मांडवात एक ताडपत्री घडी घालून ठेवलेली असू द्या, सोयाबीन झाकायला वापरता तीच. माणसाला तिच्यावर निजवा, चार-पाच जणींनी कडा हाताने वर धरायच्या म्हणजे मधे खोलगट होईल. त्यात माठातलं, कॅनमधलं, विहिरीचं सगळं पाणी ओता. बर्फ मिळाला तर तोही. कडा आलटून-पालटून हलवत राहा, म्हणजे पाणी अंगावरून खेळतं. एकीने डोकं धरून ठेवायचं, तोंड-नाक पाण्याच्या वर. बाईमाणूस असेल तर दोघींनी लुगडं आडवं धरावं, पण लाजेपायी कपडे सैल करायचं थांबवू नका. पाणी कमी असेल तर अंग सतत ओलं ठेवून दुपट्ट्याने जोराने वारा घाला. नीट बोलायला लागेपर्यंत हे चालू ठेवा आणि मग दवाखान्यात न्या. वाटेतही अंग ओलंच राहू द्या.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका. हा तापासारखा ताप नाही, गोळीने तो उतरत नाही आणि यकृतावर भार मात्र पडतो. गावातल्या कोणाकडून सलाईन लावून घेत बसू नका. ज्या ड्रममध्ये कधी कीटकनाशक कालवलंय त्यातलं पाणी वापरू नका.

जूनचंही आत्ताच सांगून ठेवते. मृगाचा पहिला पाऊस पडला, पारा ४५ वरून ३८ वर आला की सगळ्यांना वाटतं, सुटलो. मांडव मोडतो, माठ घरी जातात आणि सरकी टोबायची, म्हणजे कापसाचं बी लावायची, घाई सुरू होते. पण हवेत दमटपणा आला की घाम वाळत नाही, नुसता गळतो. कूलर गार वारा देईनासा होतो तो याच कारणाने. पाऊस लांबला आणि उघाडीत कडक ऊन पडलं तर ३८ अंशांतही माणूस कोसळतो. पेरण्या होऊन पाऊस नीट लागून राहीपर्यंत मांडव, माठ आणि विश्रांतीच्या हाका तशाच चालू ठेवा. फक्त ओल्या दुपट्ट्याचा तेव्हा फारसा उपयोग होत नाही, म्हणून बसण्याचा वेळ वाढवा.

भादवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात फवारणी असते, तेव्हा मात्र चक्कर आली की "ऊन लागलं" म्हणून मोकळं होऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, दिसायला अंधुक, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, छातीत घरघर, अंगाचे स्नायू फडफडणं, यातलं काही असलं तर ते विष आहे. पंप खाली ठेवायचा, कपडे काढून साबणाने अंग धुवायचं आणि तडक दवाखाना. फवारलेल्या औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.